एक लाख सतरा हजार मतं आणि दिल्लीतली जागा

२ मे २०२१ ला बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीची मोजणी झाली. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि निवडणूक आयोगाने विजयी मिरवणुकांवर बंदी घातली होती. त्यामुळे आम्ही सगळे घरात बसून फोनवर आकडे बघत होतो. भाजपच्या मंगला अंगडी यांना ४,४०,३२७ मतं पडली, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना ४,३५,०८७. निकाल ५,२४० मतांनी लागला. तिसऱ्या क्रमांकावर शुभम शेळके होते. कर्नाटकातला हा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पाठिंब्याने ते उभे राहिले होते. त्यांना १,१७,१७४ मतं मिळाली.

अनामत वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. पहिल्या तिघांचीच बेरीज ९,९२,५८८ होते आणि तिचा सहावा भाग १ लाख ६५ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे एक लाख सतरा हजार माणसांनी बटण दाबलं, विजयाच्या फरकाच्या बावीस पट मतं दिली, तरी त्यांच्या उमेदवाराची अनामत गेली आणि लोकसभेत त्यांचं म्हणणं मांडायला कोणी गेलं नाही.

हे कसं घडतं, हाच या प्रकरणाचा विषय. सीमाभागावर बोलताना आपण बहुतेक वेळा सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यावर, फलकांवर, लाठीमारावर बोलतो. संसदेतल्या जागेचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. मला तो मांडावासा वाटतो, कारण सीमा बदलण्याचा अधिकार घटनेने ज्या सभागृहाला दिला आहे, नेमकं तिथेच आपलं माणूस नाही.

पोटनिवडणूक कशी लागली

सुरेश अंगडी २००४ पासून सलग चार वेळा बेळगावचे खासदार झाले. केंद्रात ते रेल्वे राज्यमंत्री होते. २३ सप्टेंबर २०२० ला करोनाने त्यांचं निधन झालं. २०१९ मध्ये ते ३,९१,३०४ मतांच्या आघाडीने निवडून आले होते. दोन वर्षांत ती आघाडी पाच हजारांवर आली.

आघाडी घटण्याची कारणं अनेक आहेत. जारकीहोळी हे मुरलेले, गोकाक भागात पाय रोवलेले नेते. पण मराठी मताचा वाटा मोठा होता, याबद्दल मला शंका नाही. बेळगाव शहरात आणि तालुक्यात मराठी माणसाच्या मतदानाची एक जुनी रीत आहे: महापालिकेला आणि विधानसभेला समिती, लोकसभेला राष्ट्रीय पक्ष. वरच्या निवडणुकीत समितीचा माणूस निवडून येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मत दिल्लीतलं सरकार बघून दिलं जातं. २०२१ मध्ये ही रीत मोडली. महापालिकेसमोर कन्नड अस्मितेचा लाल-पिवळा झेंडा उभारल्यावरून डिसेंबर २०२० पासून वातावरण तापलं होतं. जानेवारीत उद्धव ठाकरे यांनी खटल्याचा निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करावा असं म्हटलं. त्यात उमेदवार तरुण, एकच, आणि गटातटांनी निदान त्या वेळेपुरता मान्य केलेला. गावोगावी लोकांनी वर्गणी काढली. पोटनिवडणुकीने दिल्लीतलं सरकार बदलणार नव्हतं, त्यामुळे मन मोकळं करायला वाव होता.

मतदारसंघाचा नकाशा

बेळगाव लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रं आहेत: अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती यल्लम्मा आणि रामदुर्ग. मराठी मताचं वजन पडतं ते मधल्या तीन बेळगावांत. बाकीच्या पाचांत कन्नड भाषकांचं निर्विवाद बहुमत आहे. साधारण अठरा लाख मतदारांच्या या संघात मराठी माणूस कितीही एकजुटीने उभा राहिला तरी तीन अष्टमांश जागेवरच उभा असतो, आणि त्या तिघांतही तो एकटा नाही.

निपाणी चिकोडी लोकसभेत आहे, अथणी, कागवाड, हुक्केरी, यमकनमर्डी यांच्या सोबत. आणि खानापूर? खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे. शहरापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. खानापूरची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला बेळगावला येतात. पण त्यांचा खासदार उत्तर कन्नडचा. कित्तूर आणि खानापूर ही बेळगाव जिल्ह्यातली दोन क्षेत्रं हल्याळ, कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी, यल्लापूर यांच्याबरोबर जोडलेली आहेत. घाट उतरून समुद्रापर्यंत पसरलेला मतदारसंघ, आणि त्याच्या वरच्या टोकाला खानापूरची जंगलं.

म्हणजे जिल्ह्यातल्या अठरा विधानसभा जागा आठ, आठ आणि दोन अशा तीन खासदारांत वाटल्या गेल्या, आणि मराठी पट्टा तिन्हींत विभागला गेला. कोणत्याच ठिकाणी तो निकाल स्वतः ठरवू शकत नाही. फार तर दुसऱ्याचा निकाल बिघडवू किंवा सुधारू शकतो, २०२१ ला थोडक्यात बिघडवला असता तसा.

हे मुद्दाम केलं, असा आरोप मी करणार नाही. मतदारसंघांच्या हद्दी परिसीमन आयोग आखतो आणि त्यासाठी परिसीमन कायदा २००२ मध्ये निकष लिहिलेले आहेत: सलग प्रदेश, भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. भाषा हा निकष त्यात नाहीच. लोकसंख्येचं गणित जुळवताना आयोगापुढे कन्नड आणि मराठी असा रकाना नसतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव ठेवण्याची तरतूद घटनेत आहे. अँग्लो-इंडियन समाजाचे दोन प्रतिनिधी लोकसभेवर नेमण्याची सोयही होती, ती जानेवारी २०२० मध्ये संपली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मात्र घटनेने संसदेत जागा दिली नाही. त्यांच्यासाठी ३५० ब कलमाखाली एक विशेष अधिकारी दिला, जो राष्ट्रपतींना अहवाल देतो. जागा आणि अहवाल यांत केवढं अंतर आहे हे सीमाभागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

खासदार राज्याचा की माणसांचा

घटनेचं ८१ वं कलम सांगतं की लोकसभेच्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या आणि प्रत्येक राज्याने त्या प्रादेशिक मतदारसंघांत वाटायच्या. कर्नाटकाच्या वाट्याला २८ जागा आहेत, महाराष्ट्राच्या ४८. कुठल्या राज्याला किती हे अजूनही १९७१ च्या जनगणनेवर थांबलेलं आहे, कारण आणीबाणीत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. बेळगावचा मराठी माणूस कर्नाटकाच्या २८ मध्ये मोजला जातो. त्याच्या डोक्यामुळे कर्नाटकाचा वाटा भरतो, पण त्या वाट्यातून त्याच्या प्रश्नाचा आवाज निघत नाही.

हे नेहमी असं नव्हतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बेळगावचे खासदार मुंबई राज्याच्या कोट्यातून गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्याबरोबर खासदारही तिकडे मोजले जाऊ लागले. चंदगड आज कोल्हापूर लोकसभेत आहे. बेळगुंदीपासून पुढे गेलं की महाराष्ट्राची हद्द लागते. या गावातली मुलगी पलीकडे दिलेली, पलीकडची इकडे आणलेली, असं आमच्या घराघरांत आहे. चंदगडातला मामा कोल्हापूरच्या खासदाराला मत देतो, बेळगुंदीतली भाची बेळगावच्या. दोघांच्या पंगतीत एकच भात, एकच भाषा. भाचीने आपल्या सातबाऱ्यासारखा कागद मराठीत मागितला तर तिला कोणत्या खासदाराकडे जायचं, हे मामालाही सांगता येत नाही.

(एक बारीक गोष्ट. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बदललं, पण लोकसभा मतदारसंघाचं अधिकृत नाव जुनंच आहे, कारण ते परिसीमनाच्या आदेशात लिहिलेलं आहे.)

४५६ नावांची मतपत्रिका

जागा मिळत नाही हे कळल्यावर लोकांनी काय केलं, तर मतपत्रिकेचाच फलक केला.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून समितीच्या कार्यकर्त्यांनी गावागावांतून अर्ज भरले. त्याच वर्षी नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याने पिचलेल्या लोकांनी ४८० उमेदवार दिले, तर तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला १,०३३ जण उभे होते. तिन्ही ठिकाणचं दुखणं वेगळं, पण उपाय एकच: निवडून येण्यासाठी नव्हे, मोजलं जाण्यासाठी उभं राहायचं. आमच्याकडे 'निवडणुकीला उभारला' असं म्हणतात. १९९६ ला खरोखर अख्खा पट्टाच उभारला होता.

तेव्हा कागदी मतपत्रिका होती. ४५६ नावं आणि तितकीच चिन्हं एका कागदाच्या पट्टीवर मावणारी नव्हती. लोकसभेची अनामत होती ५०० रुपये. सगळ्यांची पूर्ण अनामत धरली तरी रक्कम सव्वादोन लाखांच्या आसपास जाते. शेतकऱ्याने, गिरणीतल्या कामगाराने, दुकानदाराने स्वतःच्या खिशातून ती भरली, परत मिळणार नाही हे माहीत असून.

निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी. कर्नाटकात जनता दलाला तेव्हा २८ पैकी १६ जागा मिळाल्या आणि त्या बळावर मुख्यमंत्री एच. डी. देवेगौडा देशाचे पंतप्रधान झाले. बेळगावची जागा त्या सोळांतली एक. ४५६ जणांनी ज्या जागेवर आपला निषेध नोंदवला, त्याच जागेचा पंतप्रधान घडवण्यात वाटा होता.

संसदेने या निषेधाची दखल घेतली, पण सीमाप्रश्नाची नाही, उमेदवारांच्या संख्येची. १९९६ च्याच दुरुस्तीने लोकसभेची सर्वसाधारण अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. १९९६ ला देशभर लोकसभेसाठी १३,९५२ उमेदवार होते, १९९८ ला ४,७५० उरले. पुढे अनामत २५,००० झाली. आज ४५६ जणांना उभं राहायचं झालं तर एक कोटी चौदा लाख रुपये लागतील. तरी २०१९ मध्ये बेळगावच्या यंत्रावर ५७ नावं होती. त्या वर्षी याहून लांब यादी निजामाबादची, हळद उत्पादक शेतकऱ्यांनी भरलेली, १८५ नावांची.

या मार्गाबद्दल माझं मत सांगतो. १९९६ ची कृती मला थोर वाटते, कारण ती शांततेची होती आणि तिचा खर्च करणाऱ्यांनी स्वतः सोसला. पण तिने आपलं बळ ४५६ ठिकाणी वाटलं. २०२१ ला तेच बळ एका नावामागे आलं तेव्हा ते किती मोठं आहे हे पहिल्यांदा एका आकड्यात दिसलं. म्हणून मला १,१७,१७४ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो, पराभवाचा असला तरी.

उसना आवाज

बेळगावने दिल्लीला माणूस दिला नाही असं नाही. बॅरिस्टर नाथ पै यांचं शिक्षण बेळगावात झालं, राष्ट्र सेवा दलाचं काम त्यांनी इथे उभं केलं. लोकसभेत ते १९५७ पासून कोकणातल्या राजापूरमधून निवडून येत राहिले. संसदेतल्या उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होते. १७ जानेवारी १९७१ ला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, बेळगावात भाषण करून ते थांबले आणि १८ तारखेला तिथेच त्यांचं निधन झालं. बेळगावचा सर्वांत मोठा संसदपटू बेळगावच्या मतांवर कधी लोकसभेत बसला नाही, राजापूरच्या मतांवर बसला. तेव्हापासून सीमाभागाचा आवाज उसनाच आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा दिसलं. हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ७ डिसेंबरला, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत सीमाप्रश्न काढला. हावेरीचे खासदार शिवकुमार उदासी यांनी हरकत घेतली. बेळगावच्या प्रश्नावर बारामती बोलली आणि हावेरीने उत्तर दिलं. मी सुळे यांचा ऋणी आहे, कारण विषय नोंदीत आला. पण त्यांना मत द्यायचा किंवा नाकारायचा अधिकार माझ्याकडे नाही. मतदाराशिवायची वकिली किती दिवस टिकणार?

राष्ट्रीय पक्षांत मराठी माणसं आहेत, आणि ती निवडूनही येतात. खानापुरातून २०१८ ला अंजली निंबाळकर काँग्रेसकडून आमदार झाल्या, २०२३ ला विठ्ठल हलगेकर भाजपकडून. निंबाळकर २०२४ ला उत्तर कन्नडमधून लोकसभेलाही लढल्या. रस्ते, पाणी, रेल्वे यांसाठी ही माणसं झटतात आणि तेही प्रतिनिधित्वच आहे, ते मी कमी लेखत नाही. सीमेचा विषय आला की मात्र पक्षाची राज्य शाखा बोलते. एकाच पक्षाची बेंगळुरूतली शाखा आणि मुंबईतली शाखा या प्रश्नावर उलट दिशांना असतात, आणि दिल्लीतली शाखा दोघांनाही दुखवायला तयार नसते. १४ डिसेंबर २०२२ ला गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावलं, प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत असं ठरलं. त्या टेबलाभोवती ज्यांच्या गावांबद्दल बोलणं चाललं होतं, त्यांच्यापैकी कोणी नव्हतं.

तिसरं कलम

इथे प्रकरणाचा गाभा आहे. घटनेच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडता येत नाही आणि संबंधित राज्यांच्या विधिमंडळांचं मत मागवावं लागतं. ते मत बंधनकारक नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सांगितलं, आणि तो खटलाही आपल्याच मुंबई राज्याच्या पुनर्रचनेवरून उभा राहिला होता. विधेयकाला साधं बहुमत पुरतं.

महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्याराज्यांतल्या वादांसाठी असलेल्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यावर कर्नाटकाचा बचावच असा आहे की हद्दीचा विषय संसदेचा, न्यायालयाचा नव्हे. म्हणजे न्यायालयात सांगितलं जातं संसदेत जा, आणि संसदेत सांगितलं जातं विषय न्यायालयात आहे. लोकसभेच्या ५४३ जणांत बेळगावच्या मराठी मतावर अवलंबून असलेला एक जरी खासदार असता, तर निदान दर अधिवेशनात हा प्रश्न विचारला गेला असता. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली. त्या अहवालावर काहीच झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून जाब विचारणाराही सभागृहात कोणी नव्हता.

२०२१ नंतर, आणि पुढे

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या आणि समितीचा जुना बालेकिल्ला ढासळला. विधानसभेत समितीच्या पाठिंब्याचे शेवटचे दोन आमदार २०१३ ला निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ ला एकही आला नाही. २०२४ च्या लोकसभेला समितीचा उमेदवार पुन्हा उभा राहिला, पण २०२१ ची मतं त्याच्यामागे आली नाहीत. जगदीश शेट्टर यांनी दीड लाखाहून जास्त मतांनी जागा जिंकली. गटबाजीचा हा दोष आपला आहे, तो कर्नाटक सरकारच्या माथी मारता येणार नाही.

दोन गोष्टी मात्र हातात आहेत आणि त्यांच्यावर मला कुठे गंभीर चर्चा दिसत नाही.

पहिली परिसीमनाची. पुढच्या फेरीत आयोग मसुदा प्रसिद्ध करील आणि जाहीर सुनावणीत हरकती ऐकेल. आदेश निघाल्यावर ३२९ व्या कलमामुळे न्यायालयाची वाट जवळजवळ बंद होते, म्हणून बोलायचं ते मसुद्यावरच. भाषेचा मुद्दा मांडून तिथे काही मिळणार नाही. पण खानापूरची बाजू भाषेशिवायही भक्कम आहे: जिल्हा बेळगाव, बाजार बेळगाव, रेल्वे आणि रस्ता बेळगावकडे. कायद्यात लिहिलेले दळणवळण आणि लोकांची सोय हे दोन शब्द खानापूरसाठीच लिहिल्यासारखे आहेत. खानापूर काढलं तर कित्तूरचं काय आणि बदल्यात उत्तर कन्नडला काय, याचं उत्तर लोकसंख्येच्या आकड्यांसह तयार हवं. खानापूर बेळगावात आलं तर तीनाचे चार होतील, आठात चार. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताधिकार नसला तरी आत बसून बोलता येतं. समितीकडे आमदार नाही, तर खानापूर आणि बेळगावच्या इतर पक्षांच्या मराठी आमदारांनाच हे काम सांगावं लागेल.

दुसरी राज्यसभेची. कर्नाटकातून ती शक्य नाही: २२४ आमदार, चार जागांच्या निवडणुकीत सुमारे ४५ मतांचा कोटा. पण २००३ पर्यंत असलेली अट, की उमेदवार त्याच राज्याचा मतदार हवा, संसदेने काढून टाकली आणि २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. आता देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. बेळगावच्या मतदार यादीत नाव असलेला, टिळकवाडीत किंवा येळ्ळूरला राहणारा माणूस महाराष्ट्राच्या १९ जागांपैकी एकीवर बसू शकतो. सूचक म्हणून दहा आमदारांच्या सह्या आणि सहा जागांच्या निवडणुकीत सुमारे ४२ मतं एवढं त्याला लागेल. २७ डिसेंबर २०२२ ला सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात घेण्याचा ठराव महाराष्ट्राच्या विधानसभेने एकमताने केला. ती मतं त्याच सभागृहात आहेत.